बिनआवाजाच्या काठ्या

कवडू रानात शिरला की तो कुठवर पोचला हे नंदाबाईला अंगणात बसून कळायचं. ठक, ठक, ठक. हातातली बांबूची काठी तो वाटेतल्या झाडाझाडाला ठोकत जायचा. सालेकसाकडच्या त्या रानात अस्वलं फार. "आपुन येऊन रायलो म्हनून सांगा लागते. मंग थे आपल्या वाटेनं जाते," असं तो म्हणे. चाळीस वर्षं तो सांगत आला आणि चाळीस वर्षं अस्वलांनी त्याचं ऐकलं. नंदाबाईचं मात्र त्या आवाजानं डोकं उठायचं, कारण हा भला माणूस घरातसुद्धा खाटेला काठी ठोकून मगच आडवा व्हायचा.

यंदा त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही हातांत काठी धरा, पण हलकी धरा. लेकीनं, टीनानं, मोबाइलवर डोंगर चढणाऱ्यांच्या काठ्या दाखवल्या, आणि नवराबायको गाडीनं गोंदियाला गेले.

दुकानदारानं दोन जोड काढले. पहिला अ‍ॅल्युमिनियमचा. कवडूनं तो फरशीवर आपटला तर टण्ण वाजला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"अम्मा, ये उठाके देखो," दुकानदारानं दुसरा जोड नंदाबाईच्या हाती दिला. "कार्बन का है, नीचे रबर. आवाज़ बिल्कुल नहीं."

तिनं उचलला. हातात काही आहे असं वाटेचना.

"मले थो वाजनारा बरा वाटते," कवडू पुटपुटला.

"टीनाचे बाबा, गुडघे तुमचे दुखतेत का अस्वलाचे?" नंदाबाईनं त्याला गप्प केलं आणि हलका जोड घेतला. दुकानदार हसला, कवडूही हसला. कोपर काटकोनात येईल एवढी लांबी दुकानदारानं लावून दिली. सुटले बाई त्या ठकठकीतून, असं नंदाबाईच्या मनात आलं. जुनी काठी दाराआड गेली.

चैत्रात मोहाची फुलं टपकू लागली. पहिल्याच पहाटे दोघं टोपल्या घेऊन निघाले. कवडू पुढं झपाझप चालला होता, गुडघ्यावर हात नाही की कण्हणं नाही. आपली निवड बरोबर ठरली म्हणून नंदाबाईला कौतुक वाटलं. रानात पोचल्यावर ती एका मोहाखाली बसली, तो पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या मोहाखाली.

टोपली अर्धी झाली तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फुलं टप टप पडत होती, बाकी रान गप्प होतं. तिचे कान सवयीनं त्याला शोधत होते आणि तो सापडत नव्हता. ती उठून उभी राहिली.

कवडू होता. वाकून फुलं वेचत होता, दोन्ही काठ्या गवतात पडलेल्या. त्याच्या पाठीमागं, वारुळापलीकडं, आणखी एक कुणीतरी मान खाली घालून फुलं वेचत होतं. काळं, केसाळ, मोठं. याची त्याला खबर नव्हती, त्याची याला नव्हती. दोघंही वेचत वेचत एकमेकांकडं सरकत होते.

नंदाबाईची बोटं काठीसाठी चाचपडली. हातात बांबूची टोपली, ती वाजून किती वाजणार? हाक मारायला हवी होती. 'टीनाचे बाबा' एवढं लांबलचक म्हणायला उसंत नव्हती. जे जन्मात कधी ओठांवर आणलं नव्हतं तेच बाहेर पडलं.

"कवडू!"

दुसऱ्या कुणी तसं ओरडलं असतं तर त्यानं आधी रानाकडं पाहिलं असतं. साऱ्या आयुष्याची सवय होती ती. पण बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. तो सरळ झाला, तिच्याकडं बघतच राहिला, आणि नव्या नवऱ्यासारखा लाजला.

"काऊन वं, आज नाव घेऊन रायलीस?"

त्याच्या मागं ते दोन पायांवर उभं राहिलं होतं.