कागदाला दाखवायची माती

वनहक्काचे पट्टे वाटायला मंत्री आले होते. लखमाबाबांनी चपला काढून मंचावर मंत्र्यांच्या हातून पट्ट्याचा कागद घेतला आणि मी फोटो काढला. खाली उतरताच कारकुनाने तो परत मागितला. "बाबा, साहेबांची सही राहिलीय. पाठवू नंतर."

बाबांनी फडक्याची गाठ सोडली होती. आत त्यांच्या शेताची माती होती, कागदाला दाखवायला आणलेली. त्यांनी ती पुन्हा बांधली. सरकारं बदलली, शब्द देण्याची भाषा बदलली. कागद परत घेणारा हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच सराईत आहे.

"दादा, तुमच्या फोटोत कागद दिसतो ना?" बाबांनी मला विचारलं. "पेरणीला फॉरेस्टचा गार्ड आडवा आला, तर तोच दाखवीन."

मी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. बाबांच्या नावावर मंत्र्यांचा अंगठा होता.