तिने वाचवलेली लाँच

"अगं, ऐक ना," नाहीतर "अहो, ऐका ना," म्हणत ती समोरच्या माणसाचं मनगट धरायची. बोलणं संपेपर्यंत ते मनगट परत मिळायचं नाही. भाजीवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर माझी आई. आणि गंमत म्हणजे कुणाला ते परत नकोही असायचं.

तुमच्या बिल्डिंगमध्येही अशी एखादी बाई असेल. असली तर तिच्या शेजारी राहणाऱ्या बाईकडेही एकदा बघा. ती मी.

मुलुंडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ती भाड्याने राहायची, ब्लाउज शिवायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आणि माझ्यासारखीच बिनलग्नाची, एकटी. फरक एवढाच की ती एकटी आहे, हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

माझ्या आईला ती पहिल्या आठवड्यापासून 'आई' म्हणायला लागली. मी म्हटलं, "आई, चहात साखर कमी घाल," की उत्तर यायचं, "डोकं नको खाऊस." तेच ती म्हणाली, "आई, आज बिनसाखरेचा पिऊन बघू या ना," की आमच्या मातोश्री लगेच तयार. वर मला सांगायच्या, "बघ, किती काळजी करते पोर."

सोसायटीतल्या बायकांची सहल ठरत होती, तेव्हा मी म्हटलं होतं, "पूर्वी आपली माणसं बोटीने कोकणात जायची. आपण लाँच करून मुरुडला जाऊ या." कुणी मान वर केली नाही. पाच मिनिटांनी ती तेच म्हणाली, फक्त शेजारी बसलेल्या बाईचं मनगट धरून. टाळ्या पडल्या. त्या सहलीला सगळे अजून 'तिची सहल' म्हणतात.

तर भाऊच्या धक्क्यावरून आम्ही सकाळीच निघालो. आईला पाण्याची भीती. ती माझ्याशेजारी बसेल म्हणून मी कडेची जागा सोडून मधली धरली होती. आई आली, माझ्या मांडीवर पिशवी ठेवली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.

अलिबाग मागे पडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. बाकीच्यांना कळलं नाही, मला कळलं. मी डिझेल जनरेटरच्या सर्व्हिसिंगचं काम करते. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांतून माझा दिवस जातो. इंजिन आधी खोकलं, मग दमल्यासारखं झालं आणि बंद पडलं. चालती बोट बरी. थांबलेली बोट अशी काही डुलायला लागते की पोटातलं सगळं घशाशी येतं. दोघी-तिघी रडायला लागल्या. एकजण मोबाईल उंच धरून रेंज शोधत होती.

तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, खाली उतरून खाटखूट करत होता. मी जिन्यावरून वाकून विचारलं, "डिझेल येत नाहीये का?"

"ताई, तुम्ही वर बसा. होईल."

"फिल्टर उघडलात?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

खाली भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. फिल्टर उघडला तर आत डिझेल कमी आणि काळा गाळ जास्त. त्यात पाणीही उतरलं होतं. सगळं धुवायचं, पुसायचं, आणि मग पाइपात शिरलेली हवा हातपंप मारून थेंबाथेंबाने बाहेर काढायची. काम अवघड नाही, पण किचकट. आणि बोट डुलत असताना तर पाना हातात राहत नाही.

"स्वच्छ सुती कपडा द्या कुणीतरी!" मी ओरडले.

वरून एक ओढणी आली. तिची. पाठोपाठ आवाज, "घे गं! कोरी आहे, लग्नात अंगावर घ्यायची होती. नवरा काही मिळाला नाही, इंजिनाला तरी मिळू दे!" वर सगळ्या खिदळल्या. आत्ता रडत होत्या त्यासुद्धा.

मग वर काय काय चाललं ते मला फक्त ऐकू येत होतं. तिने गाण्याच्या भेंड्या लावल्या. कुणाला तरी लाडूची वाटणी करायला बसवलं. आणि मग एक बारीक आवाज आला, थरथरता, पण सुरात. एक जुनं भावगीत.

माझ्या हातातला पाना थांबला. माझी आई गात होती.

बाबा गेल्यापासून आई गायली नव्हती. मी काय काय करून पाहिलं होतं. तिच्या आवडीची गाणी लावली, वाढदिवसाला पेटी उतरवली, हट्ट केला. "आता कुठलं गाणं," एवढंच. आणि इथे भर समुद्रात, बंद पडलेल्या बोटीवर, दुसरीच्या शेजारी बसून ती गात होती. मी खाली, गाळाने कोपरापर्यंत भरलेली. ऐकायचं होतं आणि ऐकवत नव्हतं. मी दात आवळून पंप मारत राहिले.

इंजिन चालू झालं. वर एकच गलका झाला. मी वर आले तेव्हा आईने तिला घट्ट धरलं होतं. "ही होती म्हणून निभावलं गं!" आई मलाच सांगत होती. तांडेलाने तेवढा मला कोरा चहा आणून दिला. "ताई, हात चांगलाय तुमचा," म्हणाला. मी तो चहा एका कोपऱ्यात उभी राहून प्यायले.

आज तो किस्सा कुणीही सांगितला, तर त्यात तिची ओढणी असते, तिच्या भेंड्या असतात, आईचं गाणं असतं. इंजिन आपोआप चालू होतं.

पुढे आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सगळे पांगले. तिने गोराईला, आतेबहिणीच्या घरामागे एक खोली घेतली. "आता मेले तरी बोटीत बसणार नाही," म्हणणारी माझी आई एका रविवारी लुगडं बदलून दारात उभी. "बोरिवलीला चल. तिथून फेरी मिळते म्हणे."

खाडी पार करेपर्यंत आईने डोळे उघडले नाहीत, पण कुरकुरही केली नाही. मी म्हटलं तर ही बाई डॉक्टरकडे जायला जिनाही उतरत नाही.

तिने आम्हाला बोंबील तळून घातले. आई हात धुवायला गेली तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "अगं, ऐक ना. त्या दिवशी लाँचवर माझी काय वाट लागली होती माहितीय? पोट नुसतं ढवळत होतं. बोलत राहिलं की मला उलटी होत नाही, म्हणून बोलत सुटले. तू खाली काय करत होतीस, शुद्ध कुणाला होती!"

मला हसू आलं, आणि रागही. आम्हाला मळमळलं की आम्ही बादली शोधतो. हिला मळमळलं की सगळ्या बोटीला धीर येतो. देवाने वाटणी करताना जरा तरी बघायला हवं होतं.

आता ती देवगडला असते, मावशीकडे. फोन करते. म्हणजे आईला करते. त्या गोराईच्या भेटीनंतर आम्ही तिला पाहिलेलं नाही.

त्या दिवशी गोराईहून निघताना ती आम्हाला सोडायला जेट्टीपर्यंत आली होती. फेरी सुटली. आईने या वेळी डोळे उघडे ठेवले, पदर सावरून हात हलवायला लागली. तीही हात हलवत होती. मग जेट्टीवर एक कोळीण टोपली घेऊन आली. हिने वळून तिचं मनगट धरलं, काहीतरी बोलली, आणि त्या दोघी इतक्या हसायला लागल्या की टोपली कलंडायच्या बेतात आली. आमच्याकडे तिची पाठ झाली ती झालीच.

आईचा हात हवेत तसाच राहिला होता. तिने तो हळूच खाली घेतला.

"बघ," ती म्हणाली, "लागली लगेच दुसरीशी बोलायला."

आईचं तोंड एवढंसं झालं होतं. मी तिच्याजवळ सरकून बसले.