मावशी स्टिअरिंगवर

आमच्या मावससासूबाईंइतक्या जिद्दीने गाडी रिव्हर्स घेणारं माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात नसेल. पुण्यात त्यांचं निम्मं आयुष्य रिक्षावाल्यांना मागच्या सीटवरून रस्ता सांगण्यात गेलं. मुलाकडे सातासमुद्रापार क्लेटनला आल्यावर साठीत त्यांनी लायसन्स काढलं आणि थेट एक जुनी कॅम्परव्हॅनच घेतली. "आता डावीकडे घ्या म्हणून कुणाला सांगायला नको," म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक लाँग वीकेंडला मी आणि बायको त्यांचे सक्तीचे प्रवासी.

मुक्काम नेहमी ऑटवेच्या जंगलात, आभाळाला टेकलेल्या जुन्या निलगिरींखाली. पोचल्यावर मावशी आधी पातेलंभर पाणी व्हॅनमधल्या ओट्यावर ठेवून ते कुठल्या बाजूला कलतंय ते बघत. मग गाडी सपाट व्हावी म्हणून आम्ही चाकाखाली फळी सरकवायची. परत पाणी, परत फळी. चहा मिळेपर्यंत संध्याकाळ होई. पोहे पळवायला झाडावरून उतरलेल्या मांजराएवढ्या पॉसमला त्या "घरी कुणी वळण लावलं नाही का रे?" असं विचारत आणि तो खरोखर ओशाळल्यासारखा दिसे.

एकदा भर दुपारी वारा सुटला. जंगलखात्याच्या रेंजरबाई धावत आल्या. झाडं पडतील, सगळ्यांनी लगेच बाहेर पडा! आमच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ एकटेच मोठं मोटरहोम घेऊन निघाले होते. वळणावर त्यांची गाडी दोन बुंध्यांमध्ये तिरकी होऊन अडकली आणि मागे आम्ही सगळे खोळंबलो. जवळच एक फांदी धाडकन कोसळली. गृहस्थ स्टिअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे नुसतंच फिरवत होते. मावशी उतरल्या आणि त्यांच्या काचेवर टकटक करून म्हणाल्या, "मूव्ह ओव्हर, मेट."

ते बाजूच्या सीटवर सरकले. मी मदतीला हातवारे करू लागलो.

"जावईबापू, तुम्ही बाजूला व्हा!" रागावल्या की त्या मला अहो-जाहो करतात. "तुम्ही हात हलवल्याने झाड हलणार नाही!"

वीतभर पुढे, वीतभर मागे करत त्यांनी ते धूड सोडवलं आणि थेट जंगलाबाहेर नेलं. मावशींची व्हॅन घेऊन मी मागोमाग. मोकळ्यावर आल्यावर गृहस्थांनी मावशींचे दोन्ही हात धरले. "नो वरीज," मावशी म्हणाल्या, आणि आमच्या व्हॅनमागे जाऊन पदर नसलेल्या जॅकेटच्या बाहीने डोळे पुसून आल्या.

यंदा त्यांची नजर फारच अधू झाली. लायसन्स त्यांनी स्वतःहूनच परत केलं. परवा मी त्यांना त्याच जंगलात घेऊन गेलो. बारीक पाऊस होता. एका निलगिरीच्या ओल्या बुंध्यावर तळवा ठेवून त्या मान वर करून उभ्या राहिल्या.

"शेंडा दिसतोय का रे?"

"दिसतोय की."

"थापा मारू नकोस. धुकं असणार वर."

धुकं होतंच. त्या हलल्या नाहीत. झाडावरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "थांबू या जरा. उघडेल."

आम्ही थांबलो.