शकुनबाईचा हात

शकुनबाईचा हात आधी पोचतो आणि शकुनबाई मागून, असं आसगावात म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. धानाच्या रोवणीत तिच्या शेजारी उभं राहायला बाया कचरतात, कारण जी मागे पडेल तिच्या पाठीत चिखलाचा गोळा बसतो. एकदा बांध कोरणाऱ्या चुलतदिराला तिनं काठीनं बडवत पार सडकेपर्यंत नेलं होतं. नवरा भोजराज म्हणजे गरीब गाय. घरात भांड्याचा आवाज वाढला की त्याला बैलांची आठवण येते आणि तो शेतावर निघून जातो.

अशा बाईची एकुलती एक पोर टीना, चौथीत शिकणारी, कमरेपर्यंत केस असलेली. ते केस म्हणजे शकुनबाईचा जीव. ती स्वतः लहान असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या, तेव्हा बापानं तिला न्हाव्यासमोर दाबून धरलं आणि चकोट करून टाकलं. वर्गातली पोरं महिनाभर टकलावर टिचक्या मारत होती. टीनाच्या केसांना कातरी लागू द्यायची नाही, ही शकुनबाईची शपथ होती. रोज सकाळी तेल चोपडून ती अशा घट्ट वेण्या घालायची की पोरीच्या भुवया वर चढायच्या.

दिवाळीच्या आधी शाळेतल्या मॅडमनी टीनाजवळ निरोप दिला, की डोक्यात उवा फार झाल्या आहेत, घरी बघा. शकुनबाईनं वेणी सोडली. कानामागे लिखाच लिखा, आणि पोरीनं खाजवून खाजवून कातडं फोडलेलं. तिनं आधी एक थोबाडीत ठेवून दिली.

"कोनाच्या डोक्याले डोकं लावून बसून राहिली तू शाळेत?"

"राखीच्या," टीना रडत म्हणाली.

राखी म्हणजे शेजारच्या लीलाबाईची पोर. लीलाबाई त्या वेळी बोरिंगवर पाणी भरत होती. शकुनबाई तिथं पोचली ती ओरडतच.

"लीले, तुह्या पोरीनं माह्या पोरीच्या डोक्यात उवा सोडल्या!"

"अन् तुह्याच पोरीनं सोडल्या असतीन तं?" लीलाबाईही काही कमी नव्हती. "उवा का नाव सांगून येतात?"

एवढं पुरलं. हंडा उलटला, दोघी चिखलात पडल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. शकुनबाईची नखं लीलाबाईच्या गालात रुतली आणि रक्त आलं. चार बायांनी मिळून सोडवलं तेव्हा लीलाबाई गाल धरून ओरडली, "जाय घरी, कर पोरीचं टक्कल, अन् मंडईच्या पाहुण्याइले दाखव!"

दिवाळी झाली की गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात. टक्कल हा शब्द ऐकला आणि शकुनबाईच्या डोक्यात भडका उडाला. ती तरातरा घरी आली. पडवीत खुंटीला धानावरच्या तुडतुड्याच्या औषधाची बाटली टांगलेली होती, फवारणीतून उरलेली. तुडतुडा किडा, ऊ पण किडा. तुडतुडा पटापट मरतो, तर ऊ का मरणार नाही? विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय म्हणायचं. तिनं औषध खोबरेलात कालवलं, टीनाला गुडघ्यात दाबून धरलं आणि ते त्या फुटलेल्या कातड्यावर खसाखसा चोळलं.

"आई, वास येते. डोकं जळून राहिलं," टीना म्हणाली.

"चूप बस!" पाठीत धपाटा बसला. वरून शकुनबाईनं प्लास्टिकची थैली आवळून बांधली, एकही ऊ सुटू नये म्हणून.

ती चुलीपाशी जाऊन भाकर थापते न थापते तोच अंगणात ओकारीचा आवाज आला. टीना भुईवर पडली होती. तोंडातून लाळ वाहत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या, हातपाय झटके देत होते. शकुनबाईला आयुष्यात एकच इलाज ठाऊक होता. तिनं पोरीला थोबाडीत मारली, मग आणखी एक. "टीने, ऊठ! ऊठ म्हनतो न!" पोरीची मान लोंबत राहिली. मग मात्र शकुनबाईनं अशी किंकाळी फोडली की तळ्यापलीकडे ऐकू गेली.

भिंतीवरून उडी मारून कुणी आलं तर ती लीलाबाई. गालावर मघाचं रक्त वाळलेलं, हातात विळा. ती सरळ टीनाकडे धावली, डोक्यावरची थैली ओरबाडली आणि तिनं पोरीचे केस मुठीत धरले. सूड घ्यायला आली, दुसरं काय वाटणार? शकुनबाईनं झेप घेतली आणि लीलाबाईच्या मनगटाला असा चावा घेतला की दात आत गेले. लीलाबाईनं तिच्या पोटात लाथ घातली.

"मूर्खे! केसात औषध हाये! माह्या नवऱ्याले फवारताना लागलं होतं, ते इसरली का? कापू दे, नाई तं मरन पोरगी!"

शकुनबाई जागच्या जागी बसली. तिच्या डोळ्यांसमोर विळा कराकरा चालला आणि कमरेपर्यंतचे केस अंगणात पडले. तिला त्या केसांचं काहीच वाटलं नाही. लीलाबाईनं फ्रॉक फाडून काढला, साबण चोळला आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. ती बोट दाखवेल तिथलं पाणी शकुनबाई आणत होती. गल्लीतल्या ऑटोत घालून दोघींनी पोरीला पवनीच्या दवाखान्यात नेलं, औषधाची बाटलीही लीलाबाईनंच आठवणीनं घेतली.

सुयांवर सुया झाल्या. शुद्ध आली तरी टीना बरळत होती, नळ्या ओढत होती, म्हणून तिचे हात खाटेला बांधून ठेवले. ती आईला ओळखत नव्हती, तिला पाहून किंचाळत मात्र होती. ते ऐकून शकुनबाईनं भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. नर्सनं पट्टी बांधता बांधता तिला झाप झाप झापलं. "उवांचं औषध दवाखान्यातून न्यायचं. ते नसेल तर केस ओले करा, बारीक फणीनं विंचरा, दर दोन-तीन दिवसांनी, लिखा संपेपर्यंत. आणि दोघी मैत्रिणींचं एकदमच करा, नाहीतर हिच्या तिला अन् तिच्या हिला. उवांनी कुणी मरत नाही हो बाई!"

पोर वाचली. मंडईत टीना ओढणी गुंडाळून हिंडली. एका पाहुण्यानं गमतीनं तिच्या डोक्यावर टिचकी मारली आणि शकुनबाईनं त्याला दुकानाच्या पालासकट आडवा केला.

केस आता मानेपर्यंत आलेत. उवाही परत आल्या, शाळा म्हटली की त्या यायच्याच. रविवारी दुपारी शकुनबाई आणि लीलाबाई एकाच ओसरीवर बसतात, पुढ्यात पांढरं फडकं आणि फणी, आणि दोन्ही पोरींची डोकी ओली करून विंचरतात. शिव्या तेवढ्याच देतात. लीलाबाईच्या मनगटावर दातांचा व्रण आहे. मागच्या महिन्यात गल्लीतली नवी सून पोराच्या डोक्याला शेतातलं औषध लावायला निघाली, तर शकुनबाईनं तिला कानाखाली वाजवली आणि बाटली उकिरड्यात खोल पुरून आली. सुनेच्या घरचे भांडायला आले आणि मार खाऊन गेले.

सारं गाव जिच्या हाताला भितं, ती बाई रविवारी विंचरण्याआधी तळहातावर तेल घेते आणि तो हात टीनापुढे धरते. टीना लगेच डोकं देत नाही. ती आधी वाकून वास घेते. मग आईच्या तोंडाकडे पाहते, आणि पुन्हा एकदा वास घेते.

तोवर शकुनबाई हात तसाच धरून बसते.