स्लॅबवरची आंघोळ

माझं तोंड फटकळ, हे माहेरी राहुरीला सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर ते यजमानांना कळलं, आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या मिलिटरीलाही कळलं.

यजमान काष्टीचे, गवंडीकामातून वर आलेले. भिंगारजवळ कॅम्पात जवानांसाठी नवी बराक बांधायची होती, ते काम त्यांना मिळालं. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं पहिलंच काम. चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. मिलिटरीच्या बाजूने देखरेखीला एक सुभेदार होते, उत्तरेकडचे, पिकल्या मिशांचे. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. यजमान म्हणणार वीट पक्की, सुभेदार म्हणणार कच्ची. एकाने वाळू चाळून घेतली की दुसरा ती पुन्हा चाळायला लावणार. संध्याकाळी दोघांच्याही कपाळाला आठ्या, आणि त्या बघायला मी.

चैत्रात स्लॅब टाकून झाला. नारळ फुटला, मजुरांना बुंदी वाटली, आणि खरा घोर तिथून पुढे लागला. नवा स्लॅब दोन-तीन आठवडे सतत ओला ठेवावा लागतो, नाहीतर उन्हाने तडकतो. दुष्काळाने विहिरी आटलेल्या. मिलिटरीचा टँकर दिवसाआड यायचा, त्यातच स्लॅब, मजूर, त्यांची लेकरं आणि आम्ही. स्लॅबला तडा गेला असता तर तो फोडून टाकावा लागला असता, आणि यजमानांना पुन्हा कॅम्पाच्या दारात कुणी उभं केलं नसतं. जेवता जेवता ते उठायचे, शिडी चढून वरच्या ओल्या गोणपाटांना हात लावून यायचे.

एके दिवशी त्यांनी आमच्या घरातला हंडा उचलला. लेक घामोळ्यांनी कळवळून रडत होती. माझं डोकंच फिरलं.

"अवो, पोरीच्या अंगाला पानी न्हाई, अन् छताला पाजताय व्हय?"

"अगं, हळू. सुभेदारसाहेब दारात हायेत."

"मग त्यांनाच सांगते की! एवढे जवान रोज अंगूळ करत्यात, सगळं पानी नालीत जातंय. म्हनावं, या वर, अन् करा छतावर अंगूळ!"

सुभेदार दारातूनच माघारी वळले. "झालं, गेलं काम," म्हणत यजमानांनी हंडा खाली ठेवला. मलाही नंतर धास्ती वाटली, पण बोलले ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीपाशी गलका ऐकू आला. सुभेदार बनियनवर, खांद्याला टॉवेल, हातात बादली, आणि मागे जवानांची रांग. यजमान धावत गेले. "साहेब, साबन न्हाई चालायचा! स्लॅब खराब हुईल." त्यावर वाद झाला नाही. एवढ्या दिवसांत असं पहिल्यांदाच घडलं. बंदुका जमा करून घ्याव्यात तसे सुभेदारांनी शिडीखाली सगळ्यांचे साबण जमा करून घेतले, स्वतःचाही. मग ते वर चढले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. ते पाणी गोणपाटांत जिरताना बघून यजमान इतके हसले की मीही हसले.

मग ती रीतच पडली. सकाळी जवान, दुपारी मजुरणींची लेकरं आणि माझी लेक. टँकरचं पाणी प्यायला पुरू लागलं. रोज सकाळी यजमान आणि सुभेदार वर उकिडवे बसून, शेजारी शेजारी, गोणपाट चाचपून बघायचे. आता भांडण झालंच तर चहा कुणी पाजायचा यावर.

स्लॅबला खालून आधार देणाऱ्या फळ्या-बल्ल्यांची सेंट्रिंग काढायचा दिवस आला. टेकू काढताना ज्याचं काम त्यानेच स्लॅबखाली उभं राहायचं, अशी यजमानांच्या उस्तादाची शिकवण. यजमान जाऊन मधोमध उभे राहिले. सुभेदारांनी बाहेरूनच बघायचं होतं, पण तेही आत शिरले.

"साहेब, तुमी भाईर व्हा."

"इस पर नहाया तो मैं भी हूँ," सुभेदार म्हणाले आणि यजमानांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

लेकीला छातीशी घट्ट धरून मी बाहेर उभी होते. एकेक बल्ली निघत गेली. शेवटची निघाली तेव्हा थोडी धूळ पडली, बस्स. स्लॅब जागचा हलला नाही, कुठे केसाएवढीही चीर नाही. मी सगळ्यांसमोर रडले.

आता स्लॅबला पाणी नको होतं. तरी दुसऱ्या सकाळी दारात बादली वाजली. सुभेदार उभे होते.

"छत के हिस्से का पानी. अब बेटी का."

"अन् तुमची अंगूळ?"

"छत सूख गई. अब कहाँ नहाऊँ?"

मी बादली आत घेतली, लेकीला परातीत बसवलं आणि न्हाऊ घातलं. साबण लावून.