कापसाच्या ढिगात सापडलेलं पुस्तक

आज सकाळी आम्ही जवळा बाजार गावी विकायला न्यायचा कापूस भरत होतो. ढिगातून माझ्या पहिलीतल्या मुक्ताचं हरवलेलं गोष्टीचं पुस्तक निघालं.

“काहून लपवलंस गं?”

“तू वाचायला बसवलंस की तुझा आवाज येगळाच होतो, आई. मला भेव वाटतं.”

“घ्या मास्तरीणबाई!” सासूबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

पूर्वी झोपताना हीच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा हवी असायची. आता शाळेत मागे पडेल या धास्तीने मी रोज तिच्याशेजारी बसते, प्रत्येक चुकीला अडवते. मी तिला वाचायला शिकवतेय की वाचनापासून तोडतेय?

पुस्तकाला भ्यालेलं लेकरू पुन्हा पुस्तकाजवळ आलेलं कुणी पाहिलंय का? खरंच सांगा. आज संध्याकाळी तिच्याशेजारी कोणत्या आवाजात बसू?