न झटकायच्या चादरी

काकूंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. त्या सुमारास काकांना खोकल्याची पहिली उबळ यायची. काकू उठायच्या, त्यांच्या पाठीशी उशी सरकवायच्या, कोमट पाणी पुढे करायच्या आणि उबळ ओसरेपर्यंत पाठीवर तळहात टेकवून बसायच्या. थोपटायच्या नाहीत. थोपटल्याने दम परत येत नाही. हात नुसता ठेवला की श्वास कुठवर न्यायचा ते माणसाला कळतं.

काकांनी उभा जन्म दगड घडवला. पायऱ्या, उंबरे, खांबांच्या बैठका. दगडाची भुकटी उडते ती कुठेतरी जाऊन बसतेच. ती त्यांच्या छातीत बसली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, "हे आता असंच राहणार. यांना साधी सर्दीसुद्धा होऊ देऊ नका." दवाखान्याबाहेर येऊन काका म्हणाले, "मी दगड फोडला, दगडाने मला फोडलं. फिट्टंफाट झाली." काकू हसल्या नाहीत.

मूलबाळ नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि चुलीपुरती जागा. कमावते हात आता काकूंचेच. ते हात मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्यात राबायचे.

धुलाईखान्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. मशीन धुतं, मशीन पिळतं, बायका नुसत्या उभ्या. उभ्या नसतात. पिळून निघालेल्या चादरींचा गठ्ठा एकमेकींत गुंतलेला असतो, तो उपसून काढावा लागतो. हाताने ओढला तर खांदा जातो, कंबरेने उचलला तर कंबर. गुडघे वाकवायचे, गठ्ठा पोटाशी घ्यायचा आणि पायांनी उठायचं. काकू प्रत्येक नव्या बाईला हे सांगायच्या. नवी बाई मान डोलवायची आणि कंबरेनेच उचलायची. मग एक दिवस कंबर धरून बसायची. त्यानंतर ऐकायची.

दुसरा नियम काकूंचा स्वतःचा होता. चादर मशीनमध्ये टाकण्याआधी झटकायची. दोन कोपरे दोन मुठींत धरून एकच हिसका, फट्ट. चादरींमधून काय काय निघायचं! चमचे, चष्मे, कात्र्या, एकदा चक्क चालू घड्याळ. आणि सुया. अशीच एक सुई लांबीच्या तळव्यात घुसली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. सगळ्या जिला लांबी म्हणायच्या ती काकूंची जोडीदारीण. उंच, हाडकुळी आणि फाटक्या तोंडाची. त्या सुईनंतर तीही झटकायला लागली. "चादरीचं आणि जावयाचं सारखंच," ती म्हणायची. "झटकल्याशिवाय आत काय दडलंय ते कळत नाही."

मग साथ आली. रस्ते ओस पडले. इस्पितळाचे वरचे दोन मजले रिकामे करून तिथे नव्या आजाराच्या खाटा लावल्या, आणि धुलाईखान्याचे मुकादम एक दिवस तोंडाला फडकं बांधूनच पायऱ्या उतरले.

"वरून आलेली पिशवी मशीनच्या तोंडाशी उघडायची आणि थेट आत उलटी करायची," ते म्हणाले. "हाताळायचं नाही. झटकायचं तर मुळीच नाही."

"आणि आत सुई असली तर?" काकूंनी विचारलं.

"सुईपण धुऊन निघेल, काकू."

"मशीनचं पोट फाटेल त्याचं काय?"

"फाटू दे. मशीन दुसरं मिळतं. तुम्हाला कुठून आणू?"

मुकादम असं गोड कधी बोलत नसत. त्यावरून काय ते बायकांनी ओळखलं.

घडी घालायची रीतही बदलली. एरवी दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं. दिवसभर हे चालायचं, आणि जवळ येण्यातच निम्म्या गप्पा व्हायच्या. आता एक कड टेबलाला चिमट्याने अडकवून एकेकीने घडी घालायची. काम दुप्पट झालं आणि बोलणं आटलं.

घरी आल्यावर काकू खालच्या नळावर हातपाय घासायच्या, कपडे साबणाच्या बादलीत टाकायच्या आणि चुलीपाशी अंथरूण घालायच्या. पहाटे उबळ आली की दारात उभ्या राहायच्या. एकदा काका दम गिळत म्हणाले, "हात नाही का आज?"

"हात धुलाईखान्यातला आहे," काकू म्हणाल्या. "उशीला टेका."

वरून रोज जास्तच पिशव्या येत राहिल्या. बायका निम्म्या झाल्या होत्या. काही भीतीने येईनात, काहींना घरच्यांनी कोंडून ठेवलं. ज्या उरल्या त्यांनी दोन-दोन पाळ्या ओढल्या. तळघरात वाफ इतकी की तोंडावरचं फडकं भिजून नाकाखाली घसरायचं. हातमोज्यांनी ते वर ओढायचं नाही, असाही नियम होता. मग ते घसरलेलंच राहायचं.

त्या दिवशी दुपारी एक पिशवी मशीनच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच फाटली. चादरी जमिनीवर पसरल्या. काकूंनी गुडघे वाकवले, पहिली चादर उचलली, दोन कोपरे दोन मुठींत आले आणि हातांनी आपलं काम केलं.

फट्ट.

ओलसर काहीतरी चेहऱ्यावर आलं. मशीनच्या घरघरीतसुद्धा तो आवाज लांबीला ऐकू गेला. ती टेबलापासून वळली. काकू चादर धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी एक कवळी पडली होती. वरचे दात.

"काकू," लांबी म्हणाली. "काय केलंत हे?"

"मी नाही केलं. हातांनी केलं."

"तोंड धुवा आधी. साबणाने. डोळेसुद्धा."

काकूंनी तोंड धुतलं, डोळे चोळले. मग त्यांनी ती कवळी उकळत्या पाण्यात टाकली, पुसली आणि कागदात गुंडाळून सामानाच्या लिफ्टमधून वर पाठवली. थोड्या वेळाने पुडी तशीच खाली आली. सोबत निरोप होता. ती खाट सकाळीच रिकामी झाली.

पाळी संपताना लांबी जवळ आली. नियमापेक्षा जवळ.

"मी काही पाहिलं नाही. तुम्हीही काही बोलू नका. मुकादमांना कळलं तर तुम्हाला समोरच्या वसतिगृहात टाकतील. ताप येत नाही तोवर काम करायचं, पण घरी जायचं नाही. काकांचं कोण बघणार? त्यांना पाण्याचा तांब्या तरी उचलतो का?"

"तांब्या उचलतो."

"मग?"

"मग काय? कोणी पाहिलं नाही म्हणतेस. माझ्या नाकाने तर पाहिलं ना?"

"लागलंच असेल असं थोडंच आहे."

"नसेलही. पण घरी जाऊन बघायचं का, लागलंय की नाही ते? त्यांच्या छातीवर?"

लांबी दोन पावलं मागे सरकली.

काकू मुकादमांकडे गेल्या आणि सांगून टाकलं. मुकादमांनी कपाळाला हात लावला. "तुम्हीच? बाकीच्यांना शिकवणाऱ्या तुम्ही?"

"शिकवलं म्हणूनच झालं," काकू म्हणाल्या. "ज्या शिकल्या नाहीत त्यांच्या हातून होणार नाही."

त्या संध्याकाळी वसतिगृहातून त्यांनी घरी फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही खोकले नाहीत, म्हणजे दाबून धरत होते. मग म्हणाले, "बरं झालं. माझ्या हातचं खायची शिक्षा वाचली तुझी."

"चूल पेटवता येते का तुम्हाला?"

"दगडातून ठिणग्या काढल्यात मी. चुलीचं काय घेऊन बसलीस!"

इमारतीतले लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते. इस्पितळात कामाला जाणारीचं घर म्हणून तिसऱ्या मजल्याकडे कोणी फिरकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मुकादमांकडून तासाभराची सुटी मागून घेतली, काकांचं औषध आणि किराणा घेतला आणि घराखाली गेल्या. काकांनी खिडकीतून दोरी सोडली. काकूंनी पिशवी बांधली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी पिशवी ओढून घेतली. रस्ता इतका शांत होता की दोघांना ओरडावं लागलं नाही.

"जेवता ना?"

"जेवतो. चव विचारू नकोस."

चार-पाच दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. या वेळी श्वासाचा पंप होता. जुना संपत आला होता. पिशवी दुसऱ्या मजल्यापर्यंत वर गेली आणि काकांना उबळ आली. त्यांच्या हातून दोरी निसटली. पिशवी आणि दोरी, दोन्ही खाली येऊन पडली.

काकूंनी खालच्या खिडक्यांकडे पाहत हाका मारल्या. एका खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा नीट झाला.

"जिन्याशी ठेव," काका वरून म्हणाले. "येतो मी."

"येऊ नका. मी कोणालातरी बघते."

"कोणाला बघतेस? मीच आहे इथे."

काकूंनी पिशवी आणि दोरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली आणि पलीकडे गेल्या. जिन्याचं दार उघडंच होतं. काका उतरले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. ते पायरीवर बसले, पंप काढून तोंडाला लावला. ओठ निळसर दिसत होते. काकूंचा एक पाय फुटपाथवरून खाली उतरला. त्यांनी तो मागे घेतला. भिजलेल्या चादरींचे डोंगर उपसणारी बाई ती. तो वाळलेला माणूस त्यांनी पाठुंगळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर नेला असता, आणि मध्ये एकदाही टेकल्या नसत्या. मध्ये रस्ता होता. रिकामा. त्या ओलांडू शकत नव्हत्या.

"आता बसून राहू नका," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी गारठा आला की छाती आवळेल."

"कोण्या गाढवाने घडवल्यात या पायऱ्या," काका म्हणाले. "बोटभर कमी उंच केल्या असत्या तर त्याच्या बापाचं काय जात होतं?"

"बोलू नका. दम वाचवा. ऐका माझं. कठडा ओढायचा नाही, नुसता धरायचा. पाय वर ठेवायचा, मग थांबायचं. श्वास बाहेर. पूर्ण बाहेर. मग उठायचं, पायाने उठायचं. अंगाने नाही."

"चादर समजलीस का मला?"

"चादर बरी. उलट बोलत नाही."

काका उठले. जिना रस्त्याच्या बाजूने होता, प्रत्येक वळणावर भिंतीत मोकळा झरोका. काकूंना ते दिसत नव्हते, आवाज तेवढा ऐकू येत होता. चपलेची घसट, मग शांतता, मग पुन्हा घसट. काकू खालून बोलत राहिल्या. "बाहेर सोडा. अजून. हां, आता पाय." पहिल्या झरोक्यातून एक हात बाहेर आला, हलला, आत गेला. दुसऱ्यातून आला तेव्हा हलला नाही, कडेवर नुसता पडून राहिला. काकू बोलत राहिल्या. आवाज चिरकला तरी थांबल्या नाहीत. उजवा तळहात पुढे होऊन हवेत थांबला होता, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. हात आत गेला. मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की पडद्यामागच्या बाईनेसुद्धा खिडकी उघडली.

वरच्या खिडकीत काकांचं डोकं दिसलं.

"पोचलो," ते म्हणाले. विनोद करण्याइतका दम उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तळघरात उतरल्या आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. साबणाचा वास येत नव्हता. ब्लीचची बाटली नाकाशी धरली. काही नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. संध्याकाळपर्यंत अंगात ताप भरला. त्या आदल्या दिवशी रस्ता ओलांडून गेल्या असत्या तर, हा विचार त्यांनी एकदाच केला. मग तापाच्या ग्लानीत कुठल्याच विचाराला जागा उरली नाही.

काकू वाचल्या. मुकादम वाचले नाहीत. काकूंच्या मागोमाग त्यांना ताप आला आणि त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. त्यांची खाट कोणती हे लांबीने विचारून ठेवलं होतं. एका सकाळी त्या खाटेच्या चादरी खाली आल्या. लांबीने पिशवी मशीनच्या तोंडाशी उघडली, आत उलटी केली, झाकण लावलं. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काकू अंगात त्राण आल्यावर कामावर गेल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर घरी. काका उभे होते, वाळून अर्धे झालेले, पण उभे. त्या दुपारनंतर ते एकदाही खाली उतरले नव्हते; काकू तापात होत्या तोवर लांबीच दोरीला पिशवी बांधून जायची. "उतरेन एक वेळ," ते म्हणाले, "पण चढताना खालून ओरडायला तू हवीस." साथ ओसरेपर्यंत काकूंनी मिळेल ती जादा पाळी घेतली. लांबी म्हणाली, "मरणातून उठलात आणि मरायलाच निघालात का?" काकू म्हणाल्या, "काम आहे."

त्या सगळ्या पाळ्यांची कमाई एकाच ठिकाणी गेली. गल्लीच्या टोकाला एक खोली रिकामी झाली होती, अंधारी, मागे ओल आलेली. काकूंनी तिची अनामत भरली. खोली तळमजल्यावर होती आणि दार सरळ रस्त्यावर उघडत होतं.